रूपाबाईच्या काळजातली चोरवाट

शिरड शहापूरच्या शिवाराला लागून असलेल्या बंजारा तांड्यावर रूपाबाईच्या मानेची शीर फडफडू लागली की माणसं हातातलं काम टाकून धावत सुटायची. मदतीला नव्हे, विचारायला. कुणाची म्हैस आटलेली असायची, कुणाची सून माहेराहून परतत नसायची. मरियामा देवी रूपाबाईच्या गळ्यात येऊन नाचते असा साऱ्या तांड्याचा समज होता, आणि ती निरोप न घेता निघून जाते हेही सगळ्यांना माहीत होतं. म्हणून ही घाई. धावता धावता एकमेकांना कोपर मारून पुढं जाणारेही होते. देवीच्या दारात तेवढं चालायचंच.

ज्वारी कापता कापता किंवा शेण थापता थापता रूपाबाई एकाएकी थबकायची. हात छातीशी जायचा, चेहरा राखेसारखा व्हायचा आणि गळ्याच्या खळीशी, कातडीखाली, पाखरू दाबून धरावं तसं काहीतरी थडथडायचं. आत कसं वाटतं हे मात्र तिला कुणी कधी विचारलं नाही. देवीची तब्येत कोण विचारतो? विचारलं असतं तर तिनं आज्याकडून ऐकलेली गोष्ट सांगितली असती. मिठाच्या गोण्या लादलेला बैलांचा तांडा चालला आहे, पुढचा बैल कशानं तरी बुजतो आणि मागचे सगळे उधळतात. गोण्या फुटतात, धूळ उठते, कुणाचं कुणाला दिसत नाही. तसं तिच्या छातीत व्हायचं. मग कुणी कासरा ओढावा तसं सगळं एका क्षणात थांबायचं आणि घामानं भिजलेली रूपाबाई खाली बसायची. दर खेपेला तिला वाटायचं, या खेपेला बैल परत यायचे नाहीत.

तिचा नवरा लालसिंग हा फार बोलणारा गडी नव्हता. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नाही, तेव्हा त्याच्यामागं दुसरी बायको करण्याचा लकडा लागला होता. तो काही बोलला नाही आणि केलीही नाही. बायको आवडते म्हणून, असं एखाद्या भल्या माणसानं म्हटलं असतं. तांड्यावरच्या बायकांचं म्हणणं असं की घरात साक्षात देवी असताना सवत आणायची छाती कुणाची होणार? खरं काय ते लालसिंगच जाणे.

त्याच अंगणात दुसऱ्या चुलीवर मोतीबाई राहायची. लालसिंगाच्या थोरल्या भावाची ती विधवा. तिला एकच लेक, धर्मसिंग. मोतीबाईनं त्याला जन्म दिला, पण रात्री तो झोपायचा रूपाबाईच्या कुशीत. दोघींनी मिळून वाढवला आणि दोघींनी मिळून लाडावला. मिसरूड फुटल्यावर औंढ्याकडच्या एका तांड्यातली नानी नावाची पोरगी त्याला बघितली, गूळ वाटून सोयरीक पक्की केली. तेवढ्यात लामाची, म्हणजे महायुद्धाची, धामधूम आली. कोण कुठला मुकादम ब्रह्मदेशाकडं रस्ते करायला माणसं जमवत फिरत होता. लग्नाचे कपडे घेऊनच येतो, असं सांगून धर्मसिंग त्याच्यामागं गेला.

तो काही आला नाही. वर्षभरानं मुकादम मात्र आला. वरून बॉम्ब पडले, माणसं जंगलात पांगली, कोण कुठं गेलं ठाऊक नाही, एवढं सांगून तो भाकरी खाऊन चालता झाला. त्या दिवसापासून मोतीबाईनं अन्न सोडलं. भिंतीला टेकून बसली ती बसलीच. ओठ वाळून गेले, डोळे आत गेले, आणि अशात रूपाबाईच्या छातीतले बैल उधळले. मोतीबाई सरपटत आली, तिचे पाय धरले आणि विचारलं. साऱ्या तांड्यासमोर रूपाबाईच्या तोंडून शब्द आले, "येतो. पाण्याच्या पल्याड हाय. येतो."

मोतीबाई त्याच सांजेला जेवली. नानीच्या बापानं दुसरा मुलगा बघायला सुरुवात केली होती. देवीचा शब्द कानावर गेला तसा तोही थांबला. पोरगी तेव्हा पंधराची असेल. तिच्या बरोबरीच्या पोरी कडेवर लेकरं घेऊन फिरू लागल्या, तरी हिचं आपलं वाट बघणं चालूच. एकदा औंढ्याच्या बाजारात ती रूपाबाईला दिसली. पाया पडली आणि खाली मान घालून हळूच म्हणाली, "काकी, देवी पुन्यांदा काई बोल्ली का?"

रूपाबाई बाजार न करताच परतली. तिच्या मनातली गोष्ट ती कुणाला सांगू शकत नव्हती. 'येतो' हा शब्द देवीचा की आपला, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. देवीचा असेल तर धर्मा जिवंत आहे, नानीनं खुशाल थांबावं. आपला असेल तर आपण एका पोरीचं तरुणपण फुकट घालवून राहिलो.

आता कुरुंद्याच्या तातेरावांकडं वळू. मोठे शेतकरी, हळदीचे. दर साली हळद काढायला आणि शिजवायला तांड्यावरची माणसं त्यांच्याकडं जायची. तातेरावांना गावात मोठा मान होता. तेवढ्यामुळं ते चारचौघांत देवीला काही विचारत नसत. गडी पाठवून गुपचूप विचारत, आणि गडी ते गुपित घरी पोचण्याआधी निम्म्या गावाला सांगत असे. विहिरीकडच्या तुकड्यात हळद लावावी असा कौल त्यांना असाच मिळाला होता, आणि हळद आली होती झकास. त्यांचा लेक किसनराव हैदराबादेत डॉक्टर झालेला. लाम संपल्यानंतरच्या साली, हळद शिजवायच्या दिवसांत, तो घरी आलेला होता.

कढईखाली जाळ घालता घालता रूपाबाई थबकली. गलका झाला, माणसं जमली. तातेराव पागोटं सावरत आले. किसनराव मात्र सगळ्यांच्या आधी तिच्याजवळ पोचला आणि त्यानं सरळ तिचं मनगट धरलं. बांगड्यांमुळं नाडी सापडेना, तेव्हा गळ्याला बोटं लावली आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडं बघत राहिला. देवीच्या गळ्याला हात! तातेरावांच्या अंगावर काटा आला.

"किसन, पाया पड की. गळा काय धरून राहिलास?"

किसनरावानं ऐकलं नाही. बोटांखाली ठोके इतक्या वेगानं पळत होते की मोजता मोजता तो चुकत होता. आणि तेवढ्यात, सुरीनं कापावं तसे, ते थांबले आणि पुन्हा सावकाश सुरू झाले. त्यानं रूपाबाईला सावलीत नेलं, पाणी दिलं आणि विचारलं, आत कसं वाटतं? इतक्या वर्षांत हे विचारणारा तो पहिलाच. रूपाबाईनं त्याला बैलांची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून तो म्हणाला की, हे काळजाचं काम दिसतंय. हैदराबादेला यंत्र आहे, ते काळजाची चाल कागदावर उतरवतं. ये, म्हणजे बघता येईल.

तातेराव लेकावर दिवसभर चिडून होते. विहिरीकडच्या तुकड्यातली एवढी हळद काय आजारानं आली का, असं ते ज्याला त्याला विचारत होते. तांड्यावरही कुणाला हा बेत पटला नाही. पण रूपाबाई हटून बसली. बरं होण्याचा तिला सोस नव्हता. आपल्या तोंडून बोलतं कोण, एवढं तिला कळायला हवं होतं. लालसिंगानं भाकरीचं गाठोडं बांधलं. वसमतला दोघं गाडीत बसली, पूर्णेला गाडी बदलली आणि पोचली हैदराबादेला.

इस्पितळात पहिल्याच पायरीला घोळ झाला. यंत्राच्या तारा दोन्ही हातांना आणि डाव्या पायाला पट्ट्यांनी बांधायच्या असत, आणि रूपाबाईच्या हाताला मनगटापासून दंडापर्यंत हाडाच्या बांगड्या. पट्टी बांधायला बोटभर कातडी मोकळी नाही. नर्स म्हणाली, बांगड्या उतरव. रूपाबाईनं हात पदराखाली घेतले. लग्नात चढलेला तो चुडा. नवरा गेल्यावरच उतरतो. मोतीबाईचे उघडे दंड ती रोज अंगणात बघत होती. नर्सनं समजावलं, किसनरावानं समजावलं, शेवटी लालसिंग पुढं झाला.

"काढ. मी सांगून राहिलो न. मी हितंच उभा हाव, जिता."

"तुमी हाव म्हनूनच न्हाई काढत," रूपाबाई म्हणाली.

लालसिंग मनातून खूश झाला असावा, कारण तो उगाच छताकडं बघू लागला. एवढ्या लांबून आलेली माणसं तशीच परत जातात की काय, असं किसनरावाला वाटलं. मग त्याला आठवलं की हे यंत्र नवं निघालं तेव्हा पट्ट्या नव्हत्याच. मिठाच्या पाण्यात हातपाय बुडवून पाण्यात तार सोडत. त्यानं दोन बादल्या आणि एक घमेलं मागवलं. रूपाबाईची बोटं तळव्यापर्यंत बादल्यांत गेली, डावं पाऊल घमेल्यात गेलं, चुडा कोरडा राहिला. लालसिंग बादल्यांत वाकून बघत म्हणाला, "डाक्तरसाब, माज्या बाईचं लोणचं घालून राहिले का?" रूपाबाईला हसू आलं, आणि हालचाल झाली म्हणून सगळं पुन्हा करावं लागलं.

त्या दिवशी छातीतले बैल शांत होते. तरी किसनराव म्हणाला, शांत चालही बघू. ताडून बघायला त्यानं लालसिंगाच्याही काळजाचा कागद काढला. अंधाऱ्या खोलीत धुऊन, वाळवून दोन्ही पट्ट्या आल्या. बारीक चौकटी आखलेल्या त्या कागदांवर दोन रेघा होत्या. रूपाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं आणि नवऱ्याचं काळीज शेजारी शेजारी ठेवलेलं बघितलं.

किसनराव भिंग घेऊन बसला. काट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चौकटी मोजायच्या, काटा पुढं सरकवायचा, पुन्हा मोजायच्या. एक ठोका मोजून त्याचं समाधान होईना. पट्टीवरचे सगळे मोजले. मग त्यानं रूपाबाईचं बोट धरून लालसिंगाच्या रेघेवर ठेवलं. आधी बारीक उंचवटा, मग सपाट वाट, मग एकदम उभा सुळका. उंचवटा सुरू होण्यापासून सुळक्यापर्यंत चार चौकटी.

"आता तुझी बघ," तो म्हणाला.

तिच्या रेघेवर उंचवटा होता, पण सपाट वाट जवळजवळ नव्हतीच. उंचवटा सुरू होण्यापासून सुळक्यापर्यंतचं सगळं अंतर दोन चौकटींत संपत होतं. आणि सुळका भिंतीसारखा उभा नव्हता. पायथ्याशी तिरपा, टेकाड चढावं तसा सुरू होऊन मग वर जात होता, त्यामुळं रुंदही झाला होता. एक ठोका असा असता तर किसनरावानं सोडून दिला असता. सगळे ठोके तसेच होते.

मग त्यानं समजावून सांगितलं. काळजात वरच्या घरातून खालच्या घरात निरोप जायला एकच दार असतं. दारावर पहारेकरी असतो, तो निरोप्याला जरा थांबवतो. ती सपाट वाट म्हणजे हे थांबणं. तुझ्या काळजाला जन्मापासून एक चोरवाट आहे, तिथं पहारेकरी नाही, म्हणून निरोप खाली लवकर पोचतो. एखाद्या वेळी निरोप दारानं खाली येतो आणि चोरवाटेनं परत वर जातो, पुन्हा दारानं खाली. असा तो फिरतच राहतो, आणि तुझे बैल उधळतात. अशी मापं ज्यांची भरतात त्यांना असं उधळणं होतं, हे परदेशातल्या डॉक्टरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

रूपाबाई दोन्ही रेघांकडं बघत होती.

"मंग बोलतं कोन?"

किसनराव भिंग पुसत राहिला. एवढा शिकलेला माणूस, पण खोटं बोलायला तयार नव्हता. "ते कागदावर उमटत न्हाई, रूपाबाई."

तिनं आपल्या रेघेवर पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे मीच."

निघताना त्यानं तिला एक उपाय शिकवला. उधळलं की दम कोंडून धरायचा आणि पोटातून जोर लावायचा, बाळंतिणी लावतात तसा. पुष्कळदा तेवढ्यानं थांबतं. बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. रूपाबाई म्हणाली, "ते मला कसं ठाऊक आसंल? पर गोणी उचलताना लावतेत, तसाच न?" तसाच, तो म्हणाला.

परत आल्यावर तिनं मोतीबाईला सगळं सांगितलं. तांड्यावर त्याचा भलताच अर्थ निघाला. तांड्याचा नायक मोहनसिंग विचार करकरून म्हणाला की, डाक्तरनं मिठाच्या पाण्यातून देवी ओढून घेतली. ज्यांच्या वाडवडलांनी पिढ्यान्‌पिढ्या मीठ वाहिलं, त्यांना मिठाची ताकद कुणी सांगायला नको होती. हे सगळ्यांना पटलं. देवी आता हैदराबादच्या बादलीत आहे, पण पूर्वी जे बोलली ते तिचंच, आणि ते खरंच. रूपाबाई परोपरीनं सांगत होती की तो शब्द माझा होता.

"तुला काय ठाऊक?" मोतीबाई म्हणाली. "देवी बोलती तवा तू कुटं असतीस?"

नानी वाट बघतच राहिली.

ज्वारीची मळणी झाल्यावर नानीचा बाप मोहनसिंगाकडं आला. म्हणाला, पोरगी आता थोराड दिसू लागली, लोक तोंडावर बोलतात. एक काय ते सांगा. लिंबाखाली पंच बसले. मोतीबाई एका बाजूला बसली, तिच्यामागं रूपाबाई. मोहनसिंग नुसता खाकरत होता. देवीच्या शब्दाबाहेर जायला तो धजत नव्हता. तेवढ्यात रूपाबाईचा हात छातीशी गेला.

गळ्यात फडफड दिसली तशी माणसं उठून उभी राहिली. देवी आली, बादलीतून परत आली! मोहनसिंगानं तर हातच जोडले. रूपाबाईच्या छातीत धूळ उठली होती, डोळ्यांपुढं लिंब हलत होता. आणि त्या गोंधळातही तिला स्पष्ट कळत होतं की आत्ता आपण जे बोलू ते चालेल. खरं सांगून कुणी ऐकलं नव्हतं. खोट्याला मात्र सगळे हात जोडून उभे होते.

"नानीला मोकळी करा," ती म्हणाली. "गूळ माघारी द्या. तिचं लगीन करा."

नानीच्या बापानं डोकं जमिनीला टेकवलं. मोहनसिंग देवीला आई म्हणत 'व्हय याडी, व्हय' करत राहिला. आणि मोतीबाई पुढं सरकली, जशी पूर्वी सरकली होती तशीच, आणि तिनं पाय धरले.

"अन् माझं लेकरू, याडी? माझं लेकरू?"

'येतो' म्हणणं सोपं होतं. 'गेला' म्हणणंही सोपं होतं, कदाचित शहाणपणाचंही. मोतीबाई एकदाची रडून मोकळी झाली असती. रूपाबाईनं तोंड मिटलं. दम कोंडला आणि भरलेली गोणी खांद्यावर घ्यावी तसा पोटातून जोर लावला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. माणसं पुढं वाकली. मग तिनं श्वास सोडला, आणि गळ्याची फडफड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थांबली.

"बाई, ही मी हाव. रूपा," ती म्हणाली. "धर्मा कुटं हाय मला ठाऊक न्हाई. तवाबी ठाऊक नव्हतं. कुनालाच ठाऊक न्हाई."

मोतीबाईनं पाय सोडले. "मंग काहून बोल्लीस?"

"तू खाईना गेलीस," रूपाबाई म्हणाली. "अन् मलाबी त्येच ऐकायचं हुतं."

मोतीबाई उठली आणि घरात गेली.

तांड्यानं यातून आपल्याला सोयीचं तेवढं घेतलं. त्या दिवशीचं पहिलं बोलणं देवीचं, दुसरं रूपाबाईचं, असा निवाडा लोकांनी आपापसात करून टाकला आणि नानी सुटली. पुढच्याच लग्नसराईत कुरुंद्याकडच्या एका तांड्यात तिचं लग्न झालं. मोतीबाई लग्नाला गेली नाही, पण धर्मसिंगाच्या नवरीसाठी भरून ठेवलेली आरसे लावलेली ओढणी तिनं मोहनसिंगाच्या हाती पाठवून दिली. रूपाबाईला विचारायला येणारी माणसं हळूहळू कमी झाली. मध्येच बंद पडणारी देवी कुणाच्या उपयोगाची? तातेरावांनी तर आपण कधी काही विचारलंच नव्हतं, असं सांगायला सुरुवात केली. त्यांच्या गड्याला हे ऐकून फार करमणूक झाली म्हणतात.

एका अंगणातल्या त्या दोन चुली मात्र एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मोतीबाई पाण्याला निघाली की रूपाबाई थांबायची. रूपाबाईनं दारात ठेवलेली भाजी मोतीबाई घ्यायची, धुतलेलं भांडं परत ठेवायची, पण बोलायची नाही. लालसिंगानं एकदा समेट करायला तोंड उघडलं, आणि तो तसा बोलण्यातला नसल्यामुळं ते पुन्हा मिटलं.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. निजामाच्या राज्यात काय होईल कुणाला सांगता येत नव्हतं. बायकांनी एकटीदुकटीनं बाजाराला जायचं नाही असं मोहनसिंगानं ठरवून दिलं, आणि एके दिवशी औंढ्याला जाणाऱ्या बायका त्या दोघीच निघाल्या. रूपाबाई पुढं, मोतीबाई दहा पावलं मागं. वाट ओस होती. टेकाडाच्या चढावर रूपाबाईनं डोक्यावरची पाटी कशीबशी खाली ठेवली आणि ती बांधाला टेकली.

मोतीबाई येऊन समोर उभी राहिली. गळ्याच्या खळीशी ते पाखरू थडथडत होतं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, कोपर मारून पुढं घुसणारं कुणी नव्हतं. मोतीबाई खाली बसली, त्या गळ्याकडं बघत राहिली, आणि तिचे ओठ हलले. रूपाबाईनं डोळे मिटून घेतले. आता ही विचारणार, आणि आपल्याला पुन्हा नाही म्हणावं लागणार.

"दम धर, रूपा," मोतीबाई म्हणाली. "लाव जोर."

तिनं रूपाबाईचे दोन्ही खांदे घट्ट धरले. पहिल्या खेपेला थांबलं नाही. दुसऱ्या खेपेला थांबलं. मोतीबाईनं ओढणीच्या टोकानं तिच्या मानेवरचा घाम टिपला, पाटी उचलून आपल्या पाटीवर ठेवली आणि ती चढ चढू लागली. जरा पुढं जाऊन थांबली, मागं वळून रूपाबाई येते का ते बघितलं. औंढ्यापर्यंत दोघी बरोबर चालल्या. मोतीबाईनं काही विचारलं नाही.